‘मला कोणाची गरज नाही’

घरी वाचण्यासाठी : २ शमुवेल १९:३१-३९, योहान १३:१-१५, योहान २१:१८, बेनसिरा ३:१२-१३



जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी ख्रिस्तसभा आजी-आजोबा व वृद्धजनांचा जागतिक दिन साजरा करते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत आन्ना व संत योआकिम यांचा सण २६ जुलैला येतो, त्याच्या आसपासचा हा रविवार. आपल्या चर्चमध्येही त्या दिवशी वयस्कर मंडळींना पुढच्या बाकांवर बसवतात, फुले देतात, मिस्सानंतर चहा आणि केक होतो. आणि दरवर्षी त्या चहाच्या वेळी कोणीतरी मुलगा, मुलगी किंवा सून मला हळूच बाजूला घेते आणि म्हणते, "फादर, बाबांना तुम्ही जरा सांगा ना. आमचे काही ऐकतच नाहीत."

तक्रारी थोड्याफार फरकाने त्याच असतात. बाबा मोरीत दोनदा घसरून पडले, तरी धरायला दांडा बसवू देत नाहीत. ब्युरोची बाई ठेवली, तिला तिसऱ्या दिवशी घालवून दिली. आईला गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही, पण चुलीजवळ कोणाला येऊ देत नाही. काठी आणली, ती दाराआड उभी आहे. कानाचे मशीन कपाटात आहे. आणि प्रत्येक तक्रारीच्या शेवटी एकच वाक्य : "म्हणतात, मला कोणाची गरज नाही."

आजचा अभ्यास ह्या वाक्याचा आहे. तो प्रामुख्याने मुलांसाठी लिहिला आहे, पण आई-बाबांनीही वाचावा. अक्षर लहान वाटले तर नातवंडांकडून वाचून घ्यावा. तेवढी मदत चालायला हरकत नाही.

बर्जिल्लयाचा नकार

म्हातारपणी मदत नाकारणारा एक माणूस पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. त्याचे नाव बर्जिल्लय. दाविद राजाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठला, तेव्हा दाविदाला यरुशलेम सोडून यार्देन नदीपलीकडे पळावे लागले. उपाशी, थकलेल्या राजाला आणि त्याच्या माणसांना ज्यांनी अंथरुणे, भांडी, गहू, डाळ, मध, दही आणून दिले, त्यांत हा गिलादचा श्रीमंत म्हातारा होता. पुढे बंड मोडले. राजा परत निघाला आणि बर्जिल्लय त्याला नदीपर्यंत पोहोचवायला आला. राजा त्याला म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, तुझे सगळे मी पाहीन.

आपल्या भाषेत सांगायचे तर : बाबा, गावात एकटे कशाला राहता? आमच्या फ्लॅटवर चला.

बर्जिल्लयाने नम्रपणे नकार दिला. मी ऐंशी वर्षांचा झालो, म्हणाला. आता मला खाण्यापिण्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही. मी तुझ्यावर भार कशाला होऊ? थोडे अंतर तुझ्याबरोबर येतो. मग मला परत जाऊ दे, म्हणजे माझ्या गावात, माझ्या आई-वडिलांच्या कबरीजवळ मला मरण येईल. माझ्याऐवजी ह्या किम्हामाला घेऊन जा, त्याचे भले कर.

आता दाविदाने काय केले ते पाहा. तो राजा होता. एका शब्दाने म्हाताऱ्याला उचलून नेऊ शकला असता आणि लोकांनी त्याचे कौतुकच केले असते. त्याने तसे केले नाही. किम्हामाला घेतले, बर्जिल्लयाची इच्छा मान्य केली, त्याचे चुंबन घेतले, त्याला आशीर्वाद दिला आणि घरी जाऊ दिले. मात्र तो त्याला विसरला नाही. स्वतः मरणाला टेकल्यावर शलमोनाला सूचना देताना बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंगतीला बसवण्याची आठवण त्याने केली आहे (१ राजे २:७).

ह्या गोष्टीत एका वृद्धाचा नकार आहे आणि तो नकार शहाणा आहे. बर्जिल्लयाला स्वतःची अवस्था माहीत आहे. तो काही लपवत नाही, चव गेली, कान गेले, असे सरळ सांगतो. त्याला कुठे मरायचे आहे तेही माहीत आहे. आणि तो नुसते ‘नाही’ म्हणत नाही. थोडे अंतर येतो म्हणतो, स्वतःऐवजी किम्हामाला पुढे करतो. असा नकार आपल्या आई-बाबांकडून आला, तर तो मोडून काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझी एक चूक

हे मी शिकलो ते पुस्तकातून नव्हे. माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामात घडलेली गोष्ट आहे. ज्यांची आहे ते आता देवाघरी आहेत आणि त्यांच्या मुलीची परवानगी घेऊन लिहितो आहे.

ब्याऐंशी वर्षांचे विधुर गृहस्थ. एक मुलगा आखातात, दुसरा मीरा रोडला, मुलगी शेजारच्या गावात दिलेली. घरामागे वाडी, त्यात सोनचाफ्याची झाडे. पहाटे उठून आकडीने चाफा काढायचा, केळीच्या पानात बांधायचा आणि दादरच्या बाजारात फुले नेणाऱ्या माणसाकडे द्यायचा, हा त्यांचा नेम. एका पावसाळ्यात ते मोरीत दोनदा पडले. मुलांनी फोनवर आपसांत ठरवून ब्युरोमधून एक माणूस चोवीस तासांसाठी ठेवला. बाबांनी त्याला परत पाठवला. मग जेवण करायला एक बाई ठेवली. तिचे जेवण ते मांजरीला घालायचे आणि स्वतः पेज करून प्यायचे. मुलगी रडत माझ्याकडे आली. "तुमचे ऐकतील, फादर."

पहिल्या शुक्रवारी मी ख्रिस्तप्रसाद घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगी होती, शेजारच्या दोन बायका होत्या. प्रार्थना झाली, त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि मेणबत्ती विझायच्या आधीच मी त्यांना चार शब्द सुनावले. मुले काळजीने करतात, ह्या वयात हट्ट बरा नव्हे, अहंकार सोडणे हासुद्धा देवाचा मार्ग आहे, वगैरे. ते म्हणाले, "होय, फादर." मला वाटले, काम झाले.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी निरोप पाठवला की फादरांना उगाच त्रास नको, मी बरा आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी काय केले. घरात येणाऱ्या प्रभूच्या हातात मी मुलांची चिठ्ठी देऊन ठेवली होती. त्या माणसाला नकार द्यायला दुसरी जागाच उरली नाही, म्हणून त्याने ख्रिस्तप्रसादालाच नकार दिला.

पुढे एका संध्याकाळी मी नुसताच गेलो. विषय काढायचा नाही असे ठरवून गेलो होतो आणि ते मला जड गेले, कारण धर्मगुरूंना काहीतरी सांगण्याची सवय असते. ओटीवर बसलो. त्यांनी वाडी दाखवली. कोणते झाड कोणत्या साली लावले ते सांगितले. दोन झाडे पत्नीच्या हातची. मग अंधार पडल्यावर, मी काही न विचारता, ते म्हणाले, "फादर, आज माणूस येईल, उद्या दाराला कुलूप लागेल, परवा बिल्डरची गाडी."

वसईत राहणाऱ्या माणसाला ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नव्वदच्या दशकापासून आपल्या डोळ्यांदेखत किती वाड्या इमारतींखाली गेल्या. त्यांच्या मुलांच्या मनात तसे काही नव्हते, असे मला आजही वाटते. पण मुलांनी तसे कधी सांगितले नव्हते आणि बापाने कधी विचारले नव्हते. मदतीला आलेला माणूस त्यांना मदतनीस दिसतच नव्हता. तो त्यांना घर रिकामे करायला आलेला पहिला माणूस दिसत होता. दुसरी गोष्ट त्यांनी त्याहून हळू आवाजात सांगितली. परक्या माणसासमोर कपडे काढून आंघोळीला बसायची लाज वाटते. आयुष्यात कधी कोणासमोर बसलो नाही.

त्या दिवसापासून कोणी ‘बाबा ऐकत नाहीत’ म्हणाले की मी आधी विचारतो, ‘बाबा काय म्हणतात?’ बहुतेकांना ते सांगता येत नाही. ‘नाही’ म्हणतात, एवढेच माहीत असते.

पेत्राचा नकार

मात्र प्रत्येक नकार बर्जिल्लयाचा नसतो. दुसरा नकार आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी ऐकतो. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्राची पाळी आली आणि त्याने पाय मागे घेतले. कधीच धुऊ देणार नाही, म्हणाला.

पेत्राला आपली अवस्था माहीत नव्हती. त्याला फक्त संकोच झाला होता. जो वर आहे त्याने खाली वाकावे हे त्याला सहन होईना. आपल्या आई-वडिलांचे नेमके हेच होते. ज्या मुलाला न्हाऊमाखू घातले, त्याच मुलाने आपल्याला धरून मोरीत न्यावे, हा उलटा क्रम त्यांना पचत नाही. त्यात राग नसतो, लाज असते. पण लाजेला बाहेर येताना रागाचे कपडे घालायची सवय असते.

प्रभूने पेत्राचे पाय ओढून पाण्यात घातले नाहीत. तू आता समजणार नाहीस, पुढे समजशील, असे म्हणाला. मग स्पष्ट शब्दांत सांगितले की हे करू दिले नाहीस तर तुझा-माझा वाटा राहत नाही. म्हणजे त्याने पेत्राला ‘हे तुझ्या आरोग्यासाठी आहे’ असे सांगितले नाही. ‘हे आपल्या दोघांच्या नात्यासाठी आहे’ असे सांगितले. किती मुलगे आपल्या आईला असे म्हणतात? आपण म्हणतो, ‘पडलीस तर आम्हालाच निस्तरावे लागेल.’ ह्याऐवजी, ‘आई, रात्री तुझ्या काळजीने मला झोप लागत नाही, माझ्यासाठी एवढा दांडा बसवू दे,’ असे म्हणून पाहावे. आईला स्वतःसाठी काही घ्यायची सवय नाही, पण मुलासाठी काही करायची सवय साठ वर्षांची आहे.

पुढचा भाग आपण घाईत वाचून सोडून देतो. पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला गेला : मग नुसते पायच नव्हे, हात आणि डोकेही धू. प्रभूने त्याला थांबवले. जो न्हालेला आहे त्याला पाय धुण्यापलीकडे काही लागत नाही. मदत करणाऱ्याने हे वाक्य मोरीच्या दारावर लावून ठेवावे असे मला वाटते. आई एकदा ‘बरे, भांड्याला बाई ठेव’ म्हणाली की आपण दुसऱ्या दिवशी तिच्या हातातून सुरी काढून घेतो, तिसऱ्या दिवशी बाजाराची पिशवी आणि महिनाभरात पैशांची पेटी. पाय धुवायचे असतील तर पायच धुवावेत. जे हात अजून चालतात त्यांना चालू द्यावे. भाजी निवडायला दुप्पट वेळ लागेल, लागू दे. जे अवयव वापरले जात नाहीत ते लवकर दुबळे होतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

ह्याच पेत्राला पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी सांगितले की तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तिकडे जात होतास. म्हातारा झाल्यावर दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. योहान सांगतो की हे पेत्राच्या मरणाविषयी होते, तेव्हा त्याचा अर्थ मी ताणत नाही. परंतु प्रभूने रक्तसाक्ष्याचे मरण दाखवायला उदाहरण घेतले ते म्हातारपणाचे, हेही विसरता येत नाही. दुसऱ्याच्या हाताने कपडे घालून घेणे त्याच्या दृष्टीने अपमानाचे नव्हते. त्याने स्वतः कुरेनेच्या शिमोनाचा खांदा घेतला, बायकांनी पुरवलेल्या पैशांवर गावोगाव फिरला (लूक ८:३). आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

मान देणे म्हणजे वजन देणे

तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला शब्दाचे मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही, तेवढे सहन करावे. चौथ्या आज्ञेत आई-वडिलांना मान द्यायला सांगितले आहे. तेथील हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘जड असणे’ हा अर्थ आहे. मान देणे म्हणजे वजन देणे, हलके न मानणे. आपल्या मराठीतही ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असे आपण म्हणतोच. तेव्हा आई-बाबांच्या ‘नाही’ला वजन आहे का, हा आज्ञेचाच प्रश्न आहे. फ्लॅट दिला, औषधे दिली, बाई ठेवली, आणि त्यांचा शब्द मात्र पिसासारखा उडवून लावला, तर आज्ञा अर्धीच पाळली.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२१७ व २२१८) ह्याविषयी दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. मुले मोठी होऊन स्वतंत्र झाली की आज्ञापालनाचे बंधन संपते, पण आदराचे बंधन कधीच संपत नाही. आणि म्हातारपणात, आजारात, एकटेपणात व संकटात मुलांनी शक्य तेवढा भौतिक व मानसिक आधार द्यायचा आहे. म्हणजे बाबा म्हणतील ते सगळे केलेच पाहिजे असे नाही. पण आदर आणि आधार एकमेकांना पर्याय नाहीत.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास ह्यांनीही असाच भेद केला होता. बाप हा बाप आहे म्हणून त्याला नेहमीच आदर व सेवा द्यायची. आणि तो आजारी पडला तर भेट व उपचार, गरीब झाला तर पोषण, हे प्रसंगाप्रमाणे द्यायचे. सेमिनरीत हे वाचले तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. आता वाटते. प्रसंगाचे देणे पैशाने भागते, ते आखातातूनही पाठवता येते. नेहमीचे देणे ओटीवर येऊन बसल्याशिवाय देता येत नाही.

घरात काय करता येईल

एकदम सगळे काढू नये. सर्व भावंडे नाताळला एकत्र आली की जेवणानंतर बाबांना मधे बसवून ‘आम्ही ठरवले आहे’ अशी सभा भरते. ती टाळावी. न्यायालयात आरोपीला तरी वकील असतो. एकाने बोलावे, एकट्याने बोलावे, आणि ज्याचे बाबांशी पटते त्याने बोलावे. बऱ्याचदा तो मोठा मुलगा नसतो. धाकटी सून असते, किंवा बाबांचा जुना मित्र, किंवा फॅमिली डॉक्टर.

घरातील बदल माणसाच्या आधी करावेत, कारण दांड्यासमोर लाज वाटत नाही. मोरीत व संडासाजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा, न घसरणारी चटई, बसून आंघोळ करायला स्टूल, खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा लहान दिवा, उंबऱ्याच्या कडेला रंगाचा पट्टा. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नये, ती निघून येते. रात्री उठताना आधी खाटेवर थोडे बसून मग उभे राहावे, कारण उभे राहताच काहींचा रक्तदाब खाली जातो. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. मोतीबिंदू पिकायची वाट पाहत बसू नये.

माणूस ठेवायचा असेल तर बाबांनाच तो पाहू द्यावा, दोघांतून निवडू द्यावा, आणि महिनाभर ठेवून पाहू, नाही पटले तर बंद करू, असे सांगावे. आणि सांगितल्याप्रमाणे खरोखर बंदही करावे. पगार शक्यतो आई-बाबांच्या हातूनच द्यावा. ज्याच्या हातून पगार जातो तो घराचा मालक राहतो.

खर्चाच्या भीतीनेही अनेकजण नकार देतात, आणि ते उघड बोलत नाहीत. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. घरी ठेवलेल्या माणसाचा पगार मात्र त्यातून मिळत नाही. आणि घर-वाडीची भीती असेल तर ती कागदावर उतरवूनच जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ सालच्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांना मालमत्ता दिली आणि मुलांनी सांभाळ केला नाही, तर ते देणे न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. मालमत्ता हयातीत दिलीच पाहिजे असेही नाही. एकाकी किंवा छळ सोसणाऱ्या वृद्धांसाठी १४५६७ हा सरकारी मदत क्रमांक आहे.

येथे आणखी दोन माणसांविषयी बोलायला हवे. पहिली, ती मदतीला येणारी बाई. जव्हार-डहाणूकडून किंवा त्याहून लांबून आलेली असते, स्वतःची मुले गावी ठेवून. आपल्या काही वृद्धांना तिची जात, तिचा धर्म, तिच्या हातचे पाणी आठवते, आणि मुले ‘जाऊ दे, म्हातारे माणूस आहे’ म्हणून हसतात. हे हसण्यासारखे नाही. बाबांच्या नकाराला वजन द्यायचे म्हणजे बाबांच्या पापालाही वजन द्यायचे असे नव्हे. तिला आठवड्याची सुट्टी, वेळेवर जेवण व झोपायला धड जागा मिळालीच पाहिजे.

दुसरी, घरातली सून किंवा अविवाहित मुलगी. आई ‘मला बाहेरचे कोणी नको’ म्हणते, त्याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘हीच करील’ असा असतो. कॅनडातला मुलगा व्हिडिओवर सूचना देतो आणि डायपर बदलते ती. अशा वेळी आईचा नकार म्हणजे बर्जिल्लयाचा नकार नव्हे. तो म्हणाला होता, मी भार कशाला होऊ. येथे भार दुसऱ्याच्या पाठीवर आधीच आहे. तेव्हा आईला प्रेमाने पण ठामपणे सांगावे लागते की बाई येईल, कारण हिची पाठ मोडली आहे. आणि हे सांगायचे सुनेने नव्हे; मुलाने सांगायचे.

मन थकते तेव्हा

त्या गृहस्थांची गोष्ट अर्धी राहिली. मुलीने नंतर वेगळा मार्ग काढला. गावातलाच एक तरुण पहाटे यायचा, आकडीने चाफा काढायचा, फुलांच्या पैशांत त्याचा अर्धा हिस्सा. बाबांची आंघोळ होईपर्यंत तो मोरीबाहेर फुले बांधत बसायचा. दांडे बसले. बाबा त्याला ‘माझा भागीदार’ म्हणायचे. ‘मदतीचा माणूस’ हा शब्द कोणी काढला नाही. वाडीबद्दल दोन्ही मुलगे बापाशी समोरासमोर बोलले, तेही महत्त्वाचे. तरुणाला नऊ महिन्यांनी कंपनीत नोकरी लागली, मग दुसरा आला, तो टिकला नाही, पुन्हा शोधाशोध झाली. असे हे चालतेच.

दीड वर्षाने मात्र निराळेच सुरू झाले. गॅस चालू ठेवून ते वाडीत जाऊ लागले. रात्री दोनला उठून चाफा काढायला निघायचे. पत्नीला हाका मारायचे. एकदा मुलीला ओळखले नाही. ‘मला कोणाची गरज नाही’ हे वाक्य मात्र तसेच होते.

येथे बर्जिल्लयाचा नियम संपतो. आपल्या नकाराचा परिणाम ज्याला समजतो त्याचा नकार वजनदार. ज्याला तो समजेनासा झाला त्याच्यासाठी मुलांना ठरवावे लागते, आणि ठरवणे टाळणे हा आदर नव्हे. बेनसिराच्या ग्रंथात, पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण वाचतो त्या भागात, म्हाताऱ्या बापाची बुद्धी कमी झाली तरी त्याच्याशी सहनशीलतेने वागावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याला तुच्छ मानू नये, असे सांगितले आहे. लेखकाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ही अवस्था जवळून पाहिलेली असावी.

डॉक्टरांना दाखवण्याआधी ‘वय झाले’ म्हणून मोकळे होऊ नये. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील मीठ कमी होणे, एखादे औषध, असे बरे होण्यासारखे कारण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळूहळू वाढणाऱ्या विसरण्यातही थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी तपासून घ्यायची असते. ते सगळे पाहून झाले आणि विसरण्याचाच आजार निघाला, तर वाद घालणे सोडावे. ‘आई कधीच वारली, बाबा’ हे दिवसातून दहा वेळा सांगण्यात काही सत्यनिष्ठा नाही. त्यांना ते प्रत्येक वेळी नव्याने ऐकावे लागते.

मुलगी शेवटी आपल्या घरी घेऊन गेली. पहिले काही आठवडे ते रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात उभे राहायचे. ती त्यांना रागावली नाही. त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरील क्रूसापर्यंत चालत जायची, तेथे दोघे आमच्या बापा म्हणायचे आणि परत यायचे. चाफ्याची फुले रोज एका वाटीत त्यांच्यापुढे ठेवलेली असायची. तिने मला विचारले होते, "फादर, मी त्यांच्या मनाविरुद्ध आणले, हे पाप आहे का?" मी तिला नाही म्हणालो. पण त्या वेळी चटकन उत्तर देणे मला साधले नाही, आणि ते बरेच झाले. आम्ही थोडा वेळ नुसते बसून होतो.

समूहांच्या बैठकीसाठी

लहान ख्रिस्ती समूहांनी ह्या महिन्यात बर्जिल्लयाचा उतारा वाचावा. शक्य असेल तर समूहातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या घरी बैठक घ्यावी आणि आधी त्यांनाच बोलू द्यावे : कोणती मदत हवी आहे, कोणती नको आहे, आणि का. मुलांनी मधे बोलू नये. त्यानंतर मुलांनी सांगावे की त्यांना कशाची भीती वाटते.

पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद हवा असणाऱ्यांची नवी यादी करत आहोत. नाव देताना ते आई-बाबांना विचारून द्यावे. रुग्णाभ्यंग संस्कारासाठीही नाव देता येईल. हा संस्कार केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही. म्हातारपणाने शक्ती क्षीण झालेल्यांनाही तो घेता येतो, त्यामुळे फादर आले म्हणजे शेवट आला असे समजून कोणी घाबरू नये. आणि मी घरी आलो की मला बाजूला घेऊन ‘बाबांना जरा सांगा’ म्हणू नये. म्हणायचे असेल तर बाबांसमोर म्हणावे.

आपला,
धर्मगुरू